बंदुकीच्या मापाचा साचा

बंदूक मी विकत घेतली तेव्हा नवरा शेजारच्या दुकानात चहाच्या किटल्या बघत होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत 'त्यानं तिला घेऊ कशी दिली' अशी चर्चा झाली. त्यानं दिली नाही. मी घेतली.

योकोहामाला त्याच्या ऑफिसचं काही काम होतं आणि आम्ही राहतो त्या त्सुकुबाहून मी सुट्टी काढून त्याच्याबरोबर गेले होते. बंदराकडून वर चढणाऱ्या रस्त्यावर जुन्या वस्तूंचं एक अरुंद दुकान लागलं. आत भिंतीवर एक लांबलचक ठासणीची बंदूक होती. इंग्रजी बनावटीची, सैन्यातली, दीडशे वर्षांपूर्वी जपानात यादवी चालू असताना जहाजातून याच बंदरावर उतरलेली. निदान दुकानदार तसं म्हणाला. मी विचारलं, मला घेता येईल का, मी परदेशी आहे. तो म्हणाला, कागद बंदुकीचा असतो, माणसाचा नसतो. या देशात साधी शिकारीची बंदूक मिळवायची तर माणसाच्या सात पिढ्यांची चौकशी होते. पण इतकी जुनी बंदूक कलावस्तूत मोडते आणि तिची नोंद ठेवतं प्रांताचं शिक्षण मंडळ. शाळांचा कारभार बघणारं खातंच जुन्या बंदुकाही सांभाळतं. मालक बदलला की त्यांना कळवायचं, झालं.

मी ती खांद्याला लावून बघितली. वजन पुढे ओढत होतं, दस्ता माझ्या गालाला नेमका बसला, आणि मला एकदम बाबांचा राग आला.

कॉलेजात मी एनसीसीत होते. आमच्या तुकडीत रायफलीवर माझ्याइतका निशाणा कुणाचा नव्हता, मुलांचाही नाही. दिल्लीच्या शिबिरासाठी निवड झाली तेव्हा बाबा म्हणाले, शेवटचं वर्ष आहे, आणि मुलीच्या जातीला बंदूक चालवून करायचंय काय. माझ्या जागी दुसरी गेली. मी रडले नाही, भांडलेही नाही, शहाण्या मुलीसारखी धातुशास्त्राची पुस्तकं उघडून बसले. त्याच धातुशास्त्रानं मला पुढे त्सुकुबाच्या संशोधन संस्थेत आणलं, चांगलं चाललंय, तक्रार नाही. पण त्या शहाणपणाचा राग मला आजही येतो.

परत येताना गाडीत नवऱ्यानं त्या लांब पिशवीकडे पाहत विचारलं, "दिवाळीला लोक घरी येतील. काय सांगायचं त्यांना?"

"सांग, बायकोची आहे."

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली. तिनं चष्मा पुसून पुन्हा घातला आणि विचारलं, ही शोभेला की चालवायला. चालवायला, म्हटलं. ती स्क्रीनच्या जवळ आली. मग म्हणाली, शस्त्र घरात आलंय तर खंडेनवमीला पूजा चुकवू नकोस. बाबा असते तर काय म्हणाले असते ते आम्ही दोघींनीही बोलून दाखवलं नाही.

बंदूक बाळगणं सोपं होतं, चालवणं नाही. बारुदाला परवाना लागतो, आणि परवान्यासाठी ठासणीच्या बंदुका चालवणाऱ्या एखाद्या क्लबचा पाठिंबा लागतो. पोलीस ठाण्यातल्या तरुण अधिकाऱ्यानं फार नम्रपणे सगळं विचारलं. घरात भांडणं होतात का, हेही विचारलं. नवरा म्हणाला, रोज. मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला. तो घाईनं म्हणाला, मिठावरून, भाजीतल्या. अधिकाऱ्यानं तेही लिहून घेतलं.

क्लबात बारा-तेरा जण होते. सगळे पुरुष, सगळे निवृत्त, सगळे जपानी. डोंगरात एक चांदमारीचं मैदान होतं, तिथे महिन्यातून दोनदा जमायचे. अध्यक्षांना सगळे नुसतं 'काइचो' म्हणत, म्हणजे अध्यक्षच. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ. आयुष्यभर त्यांनी बाटल्यांच्या झाकणांचे साचे केले होते. कारखाना बंद झाला होता, पण त्याची शेड शिल्लक होती, आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सगळे तिथे जमून एकाच भांड्यात शिसं वितळवून आपापल्या गोळ्या ओतत.

आपापल्या म्हणते खरं, पण गोळी सगळ्यांची एकच होती. काइचोंनी चाळीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं एक पोलादी साचा कोरला होता आणि मग त्याच्याच बरहुकूम आणखी सात-आठ. नव्या सभासदाला त्यातला एक मिळायचा. ते तो दोन्ही हातांनी देत, आपण दोन्ही हातांनी घ्यायचा, वाकून. सगळ्यांनी एकाच साच्यातली गोळी मारली की फरक बंदुकीचा राहत नाही, माणसाचा कळतो, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला ते मला तेव्हा फार आवडलं होतं.

आणि एक नियम होता. नव्या सभासदानं नोव्हेंबरच्या सामन्यात स्वतःच्या हातानं शंभरातले पन्नास गुण मिळवायचे. तेरा गोळ्या, अर्धा तास, त्यातल्या उत्तम दहा धरायच्या. पन्नास झाले नाहीत तर सभासदत्व पुढे चालू नाही. क्लब नाही तर बारूद नाही, आणि बारूद नाही तर माझी बंदूक कायमची भिंतीवर. माझ्याकडे एप्रिल ते नोव्हेंबर एवढा वेळ होता.

आता माझी चूक सांगते. ती दुसऱ्या कुणाकडून झाली नसती, मी धातुशास्त्रज्ञ असल्यामुळेच झाली.

या बंदुकीची गोळी टोकाकडे निमुळती आणि बुडाशी पोकळ असते. तोंडातून सहज आत सरकावी म्हणून ती नळीपेक्षा किंचित बारीक ठेवतात. बार झाला की पोकळ बूड फुलतं, नळीतल्या पिळाच्या खाचांना धरतं आणि गोळी फिरत बाहेर पडते. पण नुसतं शिसं ओतायला आळशी असतं, कडा बोथट येतात. मी जन्मभर ओतकामाच्या कडा बघत आलेली बाई. पहिल्याच रविवारी मी घरून स्वतःचं शिसं नेलं, त्यात कथील आणि थोडं अँटिमनी मिसळलेलं, आणि वेगळ्या पळीत वितळवलं. गोळ्या अशा निघाल्या की नव्या नाण्यांसारख्या. म्हातारे एकमेकांच्या हातात देऊन बघत होते, किरेई, किरेई म्हणत होते, सुंदर, सुंदर. मी वर तोंड करून उभी होते.

मैदानावर दहापैकी तीन गोळ्या कागदाला लागल्या. त्यातली एक आडवी. कागदाला गोल भोक नव्हतं, अख्ख्या गोळीचा आकार कापल्यासारखा होता. कथील-अँटिमनीनं शिसं कडक झालं होतं, बूड फुललंच नाही, खाचांना गोळी लागलीच नाही. पहिल्या वर्षाच्या पोरानं हे केलं असतं तर मी त्याला प्रयोगशाळेबाहेर काढलं असतं.

काइचोंनी तो कागद काढून आणला. माझ्यासमोरून चालत ते मागच्या बाकाकडे गेले, तिथे नवरा थर्मास घेऊन बसला होता. कागद त्याच्या हातात देऊन म्हणाले, "ओकुसानची बंदूक दिवाणखान्यात छान दिसेल." ओकुसान म्हणजे कुणाची तरी बायको. मी चार पावलांवर उभी होते.

नवऱ्यानं मान हलवून म्हटलं, खरंय, दिसेल.

गाडीत हमरस्ता लागेपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. हमरस्त्यावर मात्र पुष्कळ बोलले. त्याचं म्हणणं, अगं, इथे समोरच्याचं वाक्य तोडत नाहीत, मी फक्त पोलाइटली अॅग्री केलं. मी म्हटलं, तू माझ्या बंदुकीबद्दल पोलाइटली अॅग्री करायचं नाहीस. त्सुकुबाला पोचेपर्यंत ते त्याला मान्य झालं होतं.

पुढच्या वेळी मी नमतं घेतलं. क्लबच्या भांड्यातलं मऊ शिसं, जुन्या नळांच्या पाइपातून काढलेलं, काइचोंचा साचा, सगळं जसं इतरांचं तसं. कागदावर सात लागल्या, पण कुठेही, चहूकडे. मग जूनमधल्या एका सकाळी मी बंदूक ठासून उचलली, नळीचं तोंड किंचित खाली झालं आणि आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला. काइचो बाजूलाच होते. त्यांनी हात वर केला, सगळं मैदान थांबलं. गोळी बारुदावरून सुटून पुढे घसरली होती. मधे पोकळी राहिली आणि बार काढला तर नळी फुटू शकते, हे मलाही माहीत होतं.

ती गोळी त्यांनी स्वतः काळजीपूर्वक बाहेर काढली. मग पहिल्यांदा माझ्याशी बोलले. म्हणाले, नळी झिजली आहे, तुमचा दोष नाही, बंदुकीचा आहे. सामन्यासाठी मी माझी दुसरी बंदूक तुम्हाला देईन. ती चांगली आहे, पन्नास गुण तुम्हाला जड जाणार नाहीत.

ते मनापासून बोलत होते, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. नवरा म्हणाला, घे ना मग, प्रॉब्लेमच मिटला. आईसुद्धा म्हणाली, एवढं म्हणतायत ते तर कशाला ताणतेस. मला मात्र दिल्लीच्या शिबिराची आठवण आली. तेव्हाही सगळे माझ्या भल्याचंच सांगत होते. मी काइचोंना वाकून नमस्कार केला, आभार मानले आणि नाही म्हटलं. मला क्लब बंदुकीसाठी हवा होता, बंदूक क्लबसाठी नको होती.

घरी येऊन मी जे एप्रिलमध्येच करायला हवं होतं ते केलं. मऊ शिशाचा एक ठोकळा तेल लावून नळीत घातला, गजानं हळूहळू ठोकत दुसऱ्या टोकापर्यंत नेला आणि बाहेर काढून मायक्रोमीटरनं मोजला. नळीचं माप चौदा पूर्णांक पंच्याऐंशी मिलिमीटर. काइचोंच्या साच्यातली गोळी चौदा पूर्णांक सहासष्ट. दोन दशांशाची फट. त्या फटीत गोळी घसरणार नाही तर काय करणार. पुढच्या भेटीत मी एकेकाला विचारलं, तुमच्या नळीचं माप काय. कुणीच कधी मोजलं नव्हतं. साचा काइचोंचा आहे ना, म्हणाले.

तेव्हा माझ्या रागाला जरा दिशा मिळाली.

मोठ्या मापाचा साचा शोधायला लागले. याद्या धुंडाळल्या, तयार मिळणारा सगळ्यात जाडा साचाही माझ्या नळीला सैलच पडत होता. दोन आठवडे मी जेवताना, ट्रेनमध्ये, मीटिंगमध्ये तेच घोकत होते. आणि एका सकाळी पोहे परतताना शाळेतला इतिहास आठवला. सत्तावन्नचं बंड, नवी काडतुसं, त्यांना लावलेली गाय-डुकराची चरबी, दातांनी तोडायचा कागद. ती काडतुसं याच बंदुकीची. बाईंनी चरबीबद्दल तास दीड तास शिकवलं होतं. पण कागद कशाला होता, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

पोहे करपले. कागद अंतर भरण्यासाठी होता. जुनी गोळी मुद्दाम बारीक ओतत, तिच्याभोवती कागद गुंडाळत, वरून चरबी, आणि कागदासकट ठासत. म्हणजे नळी कितीही झिजू दे, गोळी तीच ठेवून कागद जाड घ्यायचा. फक्त गोळीच्या अंगाला खाचा असून चालणार नव्हत्या. काइचोंच्या साच्यात तीन खाचा होत्या, वंगण धरायला. त्यांच्यावर कागद नीट बसत नाही. मला गुळगुळीत अंगाचा साचा हवा होता.

कागदाला तर मी योग्य देशात होते. वाशी, म्हणजे हातानं केलेला जपानी कागद, विकणाऱ्या दुकानात मी मायक्रोमीटर घेऊन गेले आणि दुकानदारीणबाईंसमोर सहा प्रकारचे कागद मोजले. त्यांना वाटलं मी चित्रकार आहे. पाच शतांश मिलिमीटरचा एक मिळाला, पातळ, ओढला तरी न फाटणारा. दोन वेढे दिले की दोन्ही अंगांनी मिळून दोन दशांश. मग गोळी हवी चौदा पूर्णांक साठची. परदेशातला एक कारागीर एकट्यानं असे साचे कोरून देतो. त्याला चित्र काढून पाठवलं. त्यानं उलट विचारलं, खाचा राहिल्यात का काढायच्या? मी लिहिलं, राहिल्या नाहीत, नकोच आहेत.

साचा विमानानं आला आणि सीमाशुल्कात अडकला. फोनवरच्या माणसानं विचारलं, पार्सलमध्ये काय आहे. साचा. कशाचा? बंदुकीच्या गोळीचा. त्यानं कागदपत्रं मागितली. मी नोंदीचा कागद, परवाना, क्लबचं पत्र, चित्र, सगळं पाठवलं. या देशातल्या सरकारी माणसाला मी कधी गुळमुळीत उत्तर देत नाही. खरं त्यांना पचतं, फक्त वेळ लागतो. नऊ दिवस लागले.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी मी शेडमध्ये गेले. काइचोंचा साचा मी घासून, तेल देऊन, स्वच्छ फडक्यात गुंडाळला होता. सोबत मोठ्या दुकानातल्या मिठाईचा डबा. दोन्ही हातांनी पुढे केला आणि वाकले. त्यांनी लगेच घेतला नाही.

"ओकुसान, इथे सगळे याच साच्यानं ओततात," ते म्हणाले.

"माहीत आहे. पण हा तुमच्या बंदुकीचा आहे. मला माझ्या बंदुकीचा हवा."

एकानं भट्टीचा जाळ उगाचच कमी-जास्त केला. इथे राहून दहा वर्षं झाली होती आणि जूनमधला तो नकार सोडला तर जपानी माणसाला तोंडावर नाही म्हणण्याची वेळ मी कायम नवऱ्यावर ढकलली होती. शेवटी काइचोंनी साचा घेतला, डबाही घेतला, आणि बाजूला सरून भट्टीकडे वाट करून दिली. भांडं सगळ्यांचं, हाही क्लबचाच नियम होता, आणि तो त्यांनी मोडला नाही.

मग मी त्यांच्याच शेडमध्ये, त्यांच्याच भांड्यातून, सगळ्यांच्या नजरेसमोर माझा साचा भरला. पहिल्या पाच गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या. मी त्या परत भांड्यात टाकल्या. कुणीतरी खोकलं. काइचो छताकडे बघत म्हणाले, साचा अजून थंड आहे. ते माझ्यासाठी होतं का छतासाठी, कळलं नाही. दहाव्या गोळीपासून चांगल्या येऊ लागल्या, साध्या, मवाळ, न चमकणाऱ्या. मी मनातल्या मनात कथिलाला रामराम केला.

वंगणाचा प्रश्न उरला होता. बाकीचे मेंढीची चरबी वापरत. आमच्या घरात चरबी येणार नव्हती. सत्तावन्नच्या शिपायांइतका माझा धर्म कडक नाही, पण स्वयंपाकघर माझं आहे. मी मेण घेतलं आणि त्यात घरी कढवलेलं साजूक तूप मिसळलं. मैदानावर पहिला बार काढला तेव्हा जवळच्यानं हुंगून विचारलं, कोण केक भाजतंय का.

सप्टेंबरात त्या गोळ्यांची पहिली परीक्षा झाली. पहिलं भोक गोल होतं, कंपासनं काढावं तसं. मी ते दुर्बिणीतून इतका वेळ बघत बसले की मागच्याला सांगावं लागलं, ओकुसान, वेळ चालू आहे. दहाच्या दहा कागदावर, सहा काळ्या चकतीत. काइचोंनी माझा कागद हातात घेतला, बोट फिरवून भोकं बघितली आणि या वेळी तो माझ्याच हातात परत दिला.

खंडेनवमीला पाटावर बंदूक ठेवली, साचा ठेवला. आई फोनवरून देखरेख करत होती. ते मोजायचं यंत्रही ठेव, म्हणाली, सगळं त्याच्यामुळेच कळलं ना. मायक्रोमीटरला हळदकुंकू लावलं. नवरा बाजूला बसून गोळ्यांना कागद गुंडाळत होता. त्या कामात त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला निघाला. दिवाळीला लाडू वळतो तसा तो एकेक गोळी वळायचा आणि ओळीत मांडायचा.

सामन्याच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. काइचोंनी सकाळीच जाहीर केलं की हा त्यांचा शेवटचा सामना. पूर्वी ते कायम नव्वदीत असत, गेली तीन-चार वर्षं सत्तरीत घसरले होते. डोळे गेले, ते म्हणाले, अगदी सरळ, हवामान सांगावं तसं. कुणी 'नाही, नाही' म्हटलं नाही. सगळ्यांना तेच वाटत होतं.

माझी पहिली गोळी चकतीच्या बाहेर गेली, दुसरी त्याहून बाहेर. तिसऱ्या गोळीचा कागद ठासताना फाटला. ती तशीच ठासली, जिथे जायची तिथे गेली. तीन वाया गेल्या, म्हणजे आता उरलेल्या सगळ्या दहा धरल्या जाणार होत्या, एकही चुकवायला जागा नव्हती. मी बंदूक मांडीवर घेतली आणि एक मिनिट नुसती बसले. अर्ध्या तासातलं एक मिनिट. त्या मिनिटात मला दिल्ली आठवली नाही, बाबा आठवले नाहीत, कुणी आठवलं नाही. नळी पंच्याऐंशी, गोळी साठ, कागद वीस, पाच सुटे. आकडे बरोबर होते. मग उरलेल्या दहा मी एकामागून एक मारल्या.

बहात्तर. गुण लिहिणाऱ्यानं दोनदा बेरीज केली. माझा सहावा नंबर आला. नवऱ्यानं थर्मासचं झाकण खाली पाडलं आणि ते उचलायचं विसरला. सभासदत्वाच्या कागदावर मी सही केली, देवनागरीत, कारण मला तशी करायची होती.

काइचोंना एकाहत्तर मिळाले होते. ते माझ्याकडे आले, आणि सगळ्यांदेखत वाकले. म्हणाले, क्लबात आणखी दोघांच्या बंदुका झिजलेल्या असाव्यात. तुमचा साचा त्यांना उसना मिळेल का? क्लबनं तो सगळ्यांसाठी ठेवावा, असं त्यांना वाटत होतं. एवढा मान त्या क्लबात काइचोंच्या साच्याशिवाय कधी कुणाच्या साच्याला मिळाला नव्हता. सगळे माझ्या 'हो'ची वाट बघत होते.

मी म्हटलं, "नाही. आधी प्रत्येकानं आपली नळी मोजायची. मग ठरवू, कुणाला कुठला साचा."

क्षणभर मला वाटलं, आता मात्र फार झालं. काइचो सरळ उभे राहिले. मग मागे वळले, कट्ट्यावरची स्वतःची बंदूक आणली आणि माझ्यासमोर बाकावर ठेवली. गेली चाळीस वर्षं ते याच बंदुकीनं सामने खेळत आले होते. मी पिशवीतला शिशाचा नवा ठोकळा तेल लावून त्यांच्या नळीत घातला आणि गजानं ठोकत नेला. अर्ध्यात गेल्यावर तो फारच सहज सरकू लागला. तेव्हाच मला कळलं होतं, पण मी मोजेपर्यंत बोलले नाही.

चौदा पूर्णांक एकोणऐंशी. त्यांच्या साच्याची गोळी चौदा सहासष्ट. साचा कोरला तेव्हा बसत असणार. नंतर चाळीस वर्षं गज घासला, गंज काढला, नळी मोठी होत गेली आणि साचा तोच राहिला.

त्यांनी पुन्हा मोजायला सांगितलं. मी मायक्रोमीटर त्यांच्याच हातात दिला. साचे करण्यात आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी तो कसा धरला, त्यावरूनच कळत होतं. त्यांनी चष्मा वर केला, यंत्र डोळ्यांशी नेलं आणि आकडा वाचला. माझ्याइतकाच, शतांशासकट.

"म्हणजे दोष डोळ्यांचा नव्हता," ते म्हणाले.

त्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलायला हवं होतं. चार वर्षं म्हातारपण समजून गिळलं होतं त्यांनी, आणि या म्हाताऱ्यांतल्या एकानंही कधी नळीत ठोकळा घालून बघितला नव्हता. मला त्यांची दया आली, आणि रागही आला, आणि दोन्ही आवरले नाहीत. "डोळ्यांचं डॉक्टरांना विचारा," मी म्हटलं. "पण हा आकडा तुम्ही आत्ताच बिनचूक वाचलात."

मी एका चिठ्ठीवर आकडा लिहिला, ती त्यांच्या बंदुकीच्या चापाजवळ दोऱ्यानं बांधली, दुसऱ्या ठोकळ्याला तेल लावलं आणि बाकीच्यांकडे बघून विचारलं, पुढची कुणाची.